थारच्या इभ्रतीसाठी आमचा किनारा

श्रीमंत थारस्वामी यांचे सेवेशी,



शनिवारी भर ओहोटीला आपण नागावच्या वाळूत गाडी उतरवलीत आणि देशभर चाललेल्या एका थोर वादात आमच्या किनाऱ्याला मानाचं पान वाढलंत. त्याबद्दल सर्वप्रथम आपले आभार मानतो.

हा वाद आम्हा किनाऱ्यावरच्या अडाण्यांनाही आता पाठ झाला आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये महिंद्रांची नवी थार विक्रीला आली आणि जुन्या थारचे भक्त हळहळले. मागचे पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. ऑटोमॅटिक गिअर आला, टचस्क्रीन आली, छताला स्पीकर लागले. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये पाच दारांची रॉक्स आली, तिच्या छताला काच बसली, आणि थारची रग संपली असा निकालच लागला. आपण मात्र बाणेदारपणे उभे राहिलात. थार अजून तीच आहे, हे आपण जगाला दाखवून देणार होतात. पुराव्यासाठी सह्याद्री होता, मावळातल्या चिखलवाटा होत्या, पैसे भरून गाडी पिळून घ्यावी असे खास ऑफरोड ट्रॅक होते. हे सगळं सोडून आपण आमची वाळू निवडलीत. एवढा मान आम्हाला पेलवत नाही हो.

2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते. तासाभरात आपण गाडीसकट दाखल होता, आणि मांडव्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या चांगल्या डांबरी रस्त्याने आपल्याला कुठेही चाकं थांबवायची आठवण करून देऊ नये, हा दोष पूर्णपणे आमच्या रस्त्याचा.

आपल्या गाडीविषयी एक गोष्ट अदबीने सांगतो. जानेवारी 2023 पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. अंग तेच, चेहरा तोच, रुबाबही तोच, मात्र पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नाही. आपली गाडी त्यातली निघाली. ही बातमी आपल्याला वाळूत रुतल्यावर कळली, आणि दोर घेऊन धावलेल्या आमच्या पोरांना ती आपल्याआधी कळली होती, याबद्दल त्यांना उदार मनाने क्षमा करावी.

अर्थात चारही चाकं फिरली असती तरी फार फरक पडला नसता. ओहोटीची वाळू वरून ओली, घट्ट, अगदी रस्त्यासारखी दिसते. तिच्याखाली पाणी मुरलेलं असतं. चाक जोरात फिरलं की ती सैल होते, चाक आपला खड्डा आपणच खणत जातं आणि शेवटी गाडी पोटावर बसते. वाळूत उतरणारे जाणकार टायरमधली हवा जवळपास निम्म्यावर आणतात, चाक फिरू लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात. आपण तो आणखी दाबलात. शूर माणसाला मागे हटणं माहीत नसतं.

मग भरती लागली. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आमच्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं, आणि कुणाच्या हप्त्यासाठी ते थांबत नाही. 650 मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते असं कंपनीनेच म्हटलंय, हे आपण ओरडून सांगत होतात. खरं आहे. तो आकडा पाण्याच्या खोलीचा आहे, मिठाचा त्यात उल्लेख नाही. बेअरिंग, ब्रेक आणि वायरिंग यांच्याशी खारं पाणी पुढे कित्येक महिने बोलत राहील.

खंत करू नये, आपण मोठ्या पंगतीत आहात. 2024 सरता सरता इथून जवळच, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी कॅलिफोर्निया अशीच रुतली होती. साडेचारशेच्या वर अश्वशक्तीचं ते यंत्र शेवटी बैलगाडीला बांधून बाहेर काढावं लागलं आणि सगळ्या देशाने ते पाहिलं. योगायोग बघा. 2008 मध्ये ती कॅलिफोर्निया पहिल्यांदा दिसली, तेव्हा पुढे बसवलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आणि घडी होणारं छत पाहून फेरारीच्या भक्तांनीही हेच म्हटलं होतं, की ही मऊ झाली, ही खरी फेरारी नव्हे. रेवदंड्याच्या बैलांनी या वादात कोणताही पक्ष न घेता तिला ओढलं.

आमच्या कोळणींनी वाळत घातलेल्या सुकटीच्या अगदी कडेने आपण गाडी वळवलीत. त्या बाया ओरडल्या ते आपल्या कौशल्याच्या कौतुकानेच. पाण्याच्या रेषेवर किल्ला करत बसलेल्या दोन लेकरांना त्यांच्या आईने हाताला धरून ओढलं, तेही आपल्याला गोल गोल फिरायला ऐसपैस जागा मिळावी म्हणूनच. आणि अक्षीकडच्या वाळूवर हिवाळ्यात दूरदेशाहून उतरणारे चिखल्या, तुतवार, कुरव हे पक्षी खाणं टाकून चार-चारदा उडाले. एवढ्या लांबून आल्यावर त्यांनाही थोडा व्यायाम हवाच.

आता एक खास विनंती, आणि ती करताना माझा हात जड होतो आहे. आपला पुढचा बेत दिवेआगर-हरिहरेश्वरचा आहे असं आपण चहा पिताना म्हणालात. तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूवर येतात. मागच्या वल्ह्यांनी खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि समुद्रात परत जातात. वरून काहीच दिसत नाही. वन खातं आणि गावातली माणसं पहाटे उठून त्या माद्यांच्या पावलांचे माग शोधत किनारा पालथा घालतात, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवतात आणि मग 45 ते 60 दिवस वाट पाहतात. आपल्या रुंद टायरांनी तो माग पुसला, तर घरटं सापडत नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा ती तळहाताच्या मध्यावर मावतील एवढी असतात आणि समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात. आपले हेडलाइट त्यांना उलट्या दिशेला नेतात. चाकोरी जराशी खोल असली तरी त्यांना ती चढता येत नाही, त्यात ती लांबच लांब चालत राहतात आणि खेकडे-कावळे त्यांना आयते टिपतात.

इथे माझी अदब संपते, श्रीमंत. हे करू नका.

आमच्याही गावातली पोरं भाड्याच्या एटीव्ही याच वाळूवर घुमवतात. त्यांच्याशी मी भांडतो, तोंडावर भांडतो, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न असूनही भांडतो. आपला तर पोटाचाही प्रश्न नाही.

वादाबद्दल माझं मत विचाराल तर मी आपल्याच बाजूचा आहे. नवी थार जुनीपेक्षा चांगली गाडी आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिने 2020 साली चार तारे मिळवले, ती माणसाची कंबर वाचवते, आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या थारमध्ये लो रेंजचा दांडा अजून हाताने ओढावा लागतो. पाटे गेले म्हणून जिवाला लागलं असेल तर ते मी समजू शकतो. जुन्या जीपने ज्यांना शिकवलं त्यांची हाडं खिळखिळी झाली, पण त्यांना उतरून आधी पायाने जमीन चाचपायची सवय लागली. घाटात, चिखलात मी अशी माणसं पाहिली आहेत. गाडी सोपी झाली आणि ही सवय मागे राहिली. जुन्या भक्तांना जे हरवलंय असं वाटतं, ते याच्या आसपास कुठेतरी असावं. ते कॉइल स्प्रिंगने गेलं नाही, आणि गोल गोल फिरून परतही येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी सुरूच्या बनाअलीकडे, रस्त्याच्या कडेला लावा. चपला हातात घ्या आणि ओहोटीच्या वाळूतून अक्षीपर्यंत चालत जा. येताना टपरीवर थांबा. मी असेन. पाटे की कॉइल, तीन दारं की पाच, यावर हवं तेवढं भांडू, चहा माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
दोराचं एक टोक धरलेला नागावकर