चाकं नसलेला पाहुणा

अमेरिकेतल्या मध्यम शहरांना सार्वजनिक वाहतुकीची कदर नाही, अशी तक्रार तिकडून परतलेली मंडळी नेहमी करतात. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीपुरता तरी हा आरोप टिकत नाही. जेमतेम तीन लाख वस्तीच्या या शहराने केली तेवढी जपणूक दुसऱ्या कोणी केली असेल असं वाटत नाही. आगगाडीचं स्टेशन त्यांनी संग्रहालय म्हणून जपलंय, भुयारी रेल्वे जमिनीत सुखरूप पुरून ठेवली आहे, ट्रामला ३.६ मैलांच्या रिंगणात फिरायला मोकळं सोडलंय आणि विमानतळ तर नदीपलीकडे परराज्यात ठेवलाय. उरला पाहुणा. त्याने विमानतळावरच मोटार भाड्याने घेतली तर त्याचं स्वागत आहे. नाही घेतली, तर हा इथवर आलाच कशाला, असा प्रश्न शहराला पडतो.

विमानतळ नावाने सिनसिनाटीचा असला तरी आहे केंटकी राज्यात. त्यामुळे तिथून शहरात येणारी बस केंटकीच्या ‘टँक’ या संस्थेची आणि शहरातली बस ओहायोच्या ‘मेट्रो’ची. (नाव मेट्रो असलं तरी ती बसच आहे, जिना शोधत बसू नये.) मधल्या भागात पायी फिरता येतं, आणि छान फिरता येतं, कारण तो एकोणिसाव्या शतकात, मोटार येण्याआधी वसला. ओव्हर-द-ऱ्हाइन या जुन्या वस्तीतल्या विटांच्या इमारती किंवा फिंडले मार्केट बघायला काही लागत नाही. रोबलिंग या अभियंत्याचा १८६६ सालचा झुलता पूल चालत ओलांडून केंटकीतही जाता येतं. या मधल्या भागातून बाहेर पडलं की मात्र पायांची किंमत उतरू लागते. सिग्नलला खांबावरचं बटण दाबून ताटकळायचं. मग पांढरा चालता माणूस उमटतो, काही सेकंदांत त्याच्या जागी नारिंगी पंजा आणि उलटी मोजणी येते. लाल दिव्यालाही उजवीकडे वळायची मुभा असल्याने एखादी अजस्र गाडी त्याच वेळी आपल्या गुडघ्यापर्यंत आलेली असते. आणखी पुढे, उपनगरात, बसथांबा म्हणजे गवतात रोवलेला एक खांब आणि त्यावर पाटी. पदपथ त्या खांबापर्यंत पोचलाच असेल, असं नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: अहो, देश केवढा मोठा, अंतरं केवढी, तिथे रेल्वे कशी परवडणार? देश मोठा आहे, हे कबूल. पण देश मोठा म्हणून फिंडले मार्केटपासून नदी काही लांब जात नाही. आणि हे शहर मुळात मोटारीवर वाढलेलंच नाही. टेकड्यांवर चढणाऱ्या पाच इनक्लाइन, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वे, होत्या, त्यांतली शेवटची १९४८ साली बंद झाली. जुन्या ट्राम १९५१ साली गेल्या. भुयारी रेल्वेची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९१६ साली मतदारांनी तिच्यासाठी ६० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला. जुन्या कालव्याच्या पात्रात १९२० साली खोदाई सुरू झाली. पण महायुद्धानंतर भाव भडकलेले होते, पैसे संपले आणि १९२७ साली काम थांबलं. दोनेक मैलांचं भुयार तयार, आत स्थानकं तयार, गाडी मात्र आजतागायत एकही धावली नाही. कर्ज शहराने प्रामाणिकपणे फेडलं. ते १९६६ साली फिटलं. भुयारावर सेंट्रल पार्कवे नावाचा ऐसपैस रस्ता झाला आणि भुयारात पुढे पाण्याची जाडजूड पाइपलाइन टाकली. म्हणजे सिनसिनाटीत भुयारी प्रवासाची सोय आहे, फक्त ती पाण्यासाठी आहे.

युनियन टर्मिनलचंही तसंच. १९३३ साली उघडलेलं हे अर्धघुमटाचं स्टेशन दिवसाला २१६ गाड्या आणि १७ हजार प्रवासी पेलेल अशा बेताने बांधलं होतं. आज तिथे प्रामुख्याने संग्रहालय आहे. गाडी अगदीच येत नाही असं नाही. न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरची ‘कार्डिनल’ आठवड्यातून तीन दिवस येते, आणि दोन्ही दिशांनी मध्यरात्र उलटून गेल्यावर. म्हणजे पाहुणा उतरणार त्या वेळी संग्रहालय बंद, आणि संग्रहालय उघडणार त्या वेळी गाडी कधीच निघून गेलेली. लोकांनाच मोटारी आवडतात, हा पुढचा आक्षेप घेणाऱ्यांनी ही आवड कशी वाढीला लागली तेही पाहावं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट एंडमधली केन्यन-बार ही वस्ती हटवण्यात आली. जुनी घरं पाडून तिथे कारखान्यांना जागा द्यायची, शेजारून आंतरराज्य महामार्ग काढायचा, असा तो बेत. पंचवीस हजारांवर माणसं हलवली, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. त्यांच्या आवडीनिवडीची चौकशी कोणी केल्याचं दिसत नाही.

खरी गंमत हिशेबाची आहे. नवी ट्राम आणायचं ठरलं तेव्हा तिला परीक्षांवर परीक्षा द्याव्या लागल्या. २००९ आणि २०११, दोन वेळा तिला अडवण्याचे प्रस्ताव मतपेटीपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा मतदारांनी ते फेटाळले. तरी २०१३ साली ट्रामविरोधी महापौर जॉन क्रॅन्ली निवडून आले आणि रूळ पडत असताना काम थांबवण्यात आलं; काही आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झालं. अखेर २०१६च्या सप्टेंबरमध्ये ट्राम धावली. तिला प्रवासी किती, तिचा खर्च कसा निघणार, यावर तावातावाने वाद झाले. २०२० पासून ती फुकट आहे. आता त्याच नदीवरचा ब्रेंट स्पेन्स पूल घ्या. १९६३ सालचा हा पूल दोन आंतरराज्य महामार्ग अंगावर वाहतो आणि कधीच अपुरा पडलाय. त्याच्या जोडीला दुसरा पूल बांधायला केंद्राने १६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली आणि जानेवारी २०२३ मध्ये खुद्द अध्यक्ष बायडन तिथे भाषण करून गेले. हा पूल नफ्यात चालेल का, असं कोणी विचारलं नाही. टोलसुद्धा नाही. फुकट ट्राम ही खैरात आणि फुकट पूल ही पायाभूत सुविधा, असा हा जमाखर्च आहे. लोकांनी मोटार निवडली म्हणतात ती या तराजूवर.

आधी आपलं बघा, असं कोणी म्हणेल. बघितलं. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आपण २०२० साली मेट्रोसाठी पाडला आणि मेट्रोच्याच जोडीला तिथे पुन्हा उड्डाणपूल उभारायला घेतला. तेव्हा सिनसिनाटीला शिकवायला जाण्याचा आपला बेत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे परक्या गावात उतरलेल्या माणसाला निदान रिक्षावाल्याशी हुज्जत घालता येते.

राहता राहिलं उबर. मधल्या भागात राहणाऱ्या, ऐन कमाईच्या वयातल्या पाहुण्याचं उबरवर भागतं, हे मान्य. पण आपल्याकडून जाणारा पाहुणा बहुधा तसा नसतो. ते असतात मेसनसारख्या उपनगरात मुलाकडे उतरलेले साठी-सत्तरीचे आईवडील, शहराच्या मध्यापासून वीसेक मैलांवर. जाता-येता दोन्ही वेळचे डॉलर मनातल्या मनात रुपयांत मोजणाऱ्या माणसाला ‘उबर काढा की’ हा सल्ला म्हणजे ‘घरीच बसा’ याचा सभ्य पर्याय. जन्मभर पीएमटीने नाहीतर लोकलने एकट्याने हिंडलेली बाई तिथे साध्या कोथिंबिरीसाठी शनिवारपर्यंत थांबते, कारण मुलगा आणि सून शनिवारी मोकळी होतात. व्हिसावर मुक्काम मिळतो सहा सहा महिन्यांचा. वकिलातीतल्या मुलाखतीत परत कधी जाणार हे खोदून खोदून विचारतात, त्याऐवजी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवता येते का, एवढंच विचारावं. नाही म्हटलं तर दोन आठवडेच द्यावेत.