येळवशीचा धांदलपट

सणासाठी सगळा गोतावळा एका छपराखाली जमतो आणि रात्रीपर्यंत ते छप्पर जागेवर राहील याची खात्री कुणी देत नाही, अशा गोष्टीची अमेरिकी चित्रपटांत एक स्वतंत्र जातच आहे. 1989 चा ‘ख्रिसमस व्हेकेशन’ हा त्या जातीतला मानकरी. त्यात बाप घराला 25,000 दिवे लावतो आणि ऐन वेळी एकही पेटत नाही. बायकोच्या चुलत बहिणीचा नवरा, आपल्या हिशेबानं साडूच, न कळवता बिऱ्हाडासकट दारात उभा राहतो. टर्कीला सुरी लावावी तर आतून नुसती वाफ निघते आणि सजवलेल्या झाडातून जिवंत खार उडी मारते. याचे पटकथाकार जॉन ह्यूज यांनीच पुढच्या वर्षी आलेला ‘होम अलोन’ लिहिला. त्यातलं कुटुंब तर नाताळाच्या गडबडीत पोटचं पोरगं घरी विसरून पॅरिसला जातं.

लातूर जिल्ह्यात आणि शेजारच्या नांदेडच्या तालुक्यांत साधारण याच दिवसांत हे सगळं कॅमेऱ्याशिवाय घडतं. मार्गशीर्ष अमावस्येला पंचांग दर्शवेळा अमावस्या म्हणतं, कॅलेंडर वेळ अमावस्या म्हणतं आणि माणसं येळवस म्हणतात. 2022 साली ती 23 डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या तोंडावर आली होती. 2024 साली 30 डिसेंबरला. लातुरात या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ती न करण्याचा पर्याय कागदोपत्री असेलही. प्रत्यक्षात मात्र त्या दिवशी लातूरच्या बाजारात संचारबंदीसारखा शुकशुकाट असतो. सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या रानात गेलेलं असतं, आणि ज्यांना स्वतःचं रान नाही त्यांना तर चार-चार रानांची आमंत्रणं असतात.

धांदलीची सुरुवात आदल्या दिवशीच स्वयंपाकघरात होते. भज्जी हा पदार्थ बाहेरच्या माणसाला भजी वाटतो आणि समोर पातळ भाजी आली की तो गोंधळतो. तुरीचे सोले, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं असं हंगामात जे जे मिळेल ते चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकत्र शिजतं. नेमकं काय काय पडलं पाहिजे यावर दोन सुनांचं आणि एका सासूचं कधीही एकमत होत नाही. त्यामुळे सगळंच पडतं. जोडीला बाजरीचे नि ज्वारीचे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील. रात्रभर मुरलेली आंबील मडक्यात घालून वर फडकं बांधतात. या धांदलपटातली टर्की, खार आणि साडू या तिघांची कामं हे एकटं मडकं करतं. टेम्पो पांदीला लागला, पहिला खड्डा आला की फडकं सुटतं, आणि आंबील नेमकी पुण्याहून आलेल्या जावयाच्या पांढऱ्या शर्टावर जाते. मडकं शाबूत आहे ना, एवढंच सगळे आधी बघतात. शर्टाची चौकशी नंतर होते.

रानात कडब्याची कोप उभी केलेली असते. ती उभी करणारा काका दरवर्षी तीच सगळ्यात मजबूत असल्याचं सांगतो. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव. वर्षभरात त्यातला एखादा बांधात, नाहीतर चुलीखाली गेलेला असतो, मग ऐन पूजेच्या वेळी सहदेवाची शोधाशोध होते. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडायची. पुढारी सरळ चालतो, मागची पोरं हरभऱ्यातून पळतात, आणि शेताच्या मालकाला देवाचं नाव घ्यावं की पोरांचं हे कळत नाही.

अमेरिकी चित्रपटाला मोडण्यासाठी घर लागतं. येळवशीला भिंतच नाही, त्यामुळे इथल्या पडापडीत वस्तू वाचतात आणि सगळा मार पोटावर येतो. बांधावरून जाणाऱ्याला हाक येतेच: “आवं पाव्हणं, तसंच चाल्लाव व्हय? दोन घास खाऊन जावा की!” नाही म्हणणं अपमान आणि हो म्हटलं की पुढच्या बांधावर तेच. चौथ्या रानातल्या पंगतीतून उठता येत नाही म्हणून झाडाला टेकलेली माणसं या दिवशी सर्वत्र आढळतात. लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुखांना ‘धमाल’सारख्या धसमुसळ्या विनोदी चित्रपटांत एवढी सहजता कुठून आली, याचा शोध अभ्यासकांनी याच परिसरात घ्यावा.

नांदेडच्या बाजूला गोंधळ दुप्पट असतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे बरोबर आदल्या दिवशी सुरू होते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, कुस्त्या आणि तमाशाचे फड सोडून रानात यायला घरातली थोरली मंडळी कुरकुरतात. “घोडी बघून येतो,” म्हणून गेलेला आजा येळवशीला पंगत उठल्यावर उगवतो. कोणती घोडी, ते आजी विचारत नाही.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती पिकातून फिरवली की निघायचं. मग पोरं मोजणं. ‘होम अलोन’मध्ये शेजारचा मुलगा मोजणीत धरला जातो आणि आपला घरी राहतो, इथंही टेम्पोत आकडा बरोबर भरतो, फक्त त्यातली दोन पोरं शेजारच्या रानातली निघतात. आपली दोन त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून कधीच गावात पोचलेली असतात, आणि तिथं तिसऱ्यांदा जेवत असतात.

उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, यावर मात्र दोन्ही सुनांचं आणि सासूचं एकमत असतं. ती डब्यांतून शेजारी, कचेरीत आणि पुण्याच्या गाडीत जाते. तिसऱ्या दिवशी घरात कुणी “भज्जी गरम करू का?” म्हटलं, की सगळ्यांना एकदम बाहेर काम निघतं.