बिजलीचा नंबर

बिजलीसाठी बूट निवडायला अख्ख्या गडचांदुरात माझ्याइतका लायक माणूस नाही, असं मीच जाहीर केलं. कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ते ग्रामसभेच्या ठरावासारखं मंजूरही झालं. बिजली म्हणजे आमच्या गल्लीतल्या घोडीवाल्या काकांची पांढरी घोडी. निम्म्या तालुक्याचे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात पोचलेत. तिचे पुढचे दोन्ही पाय दुखायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी नाल काढायला लावले आणि "खाली गादी असलेले बूट मिळतात, बघा" एवढं सांगून ते गेले. काका माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे वायफाय आहे. माझी मात्र खात्री, की ते घराणं बघून आले.

आमच्या घराण्यात घोडा होता. विदर्भातल्या कुठल्याही ओसरीवर जरा टेकलं की हे वाक्य ऐकायला मिळतं, पण आमच्या बाबतीत ते खरं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत आमचे कोणी पूर्वज स्वार होते. त्या काळी घोडा सरकारी असला तर स्वार बारगीर, आणि पदरचा असला तर शिलेदार. पगार शिलेदाराचा जास्त आणि ऐट तर विचारूच नका. फौजेत बारगीरही उदंड होते. पण त्यांचा वंश कुठे गेला कोण जाणे, कारण आज भेटेल तो शिलेदाराचाच खापरपणतू. आजोबा सांगायचे तेव्हा आमचा घोडा एक होता आणि तपकिरी होता. वडिलांच्या तोंडी तो पांढरा झाला आणि त्याला जोडीदार मिळाला. माझ्या लग्नात मामांनी व्याह्यांना थेट पागाच सांगितली. माझ्या पिढीत मी पूर्वजांना भास्करपंतांबरोबर १७४२ च्या बंगालच्या स्वारीवर रवाना केलं. मुलगा खूश झाला. बंगालच्या अंगाईगीतांत पोरांना भीती घालायला अजून बारगीरच येतात, शिलेदार येत नाहीत, हे मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. पुरावा म्हणून घरात एक गंजलेली रिकीब आहे. आई तिचा उपयोग वाऱ्याने दार आपटू नये म्हणून करते.

तर एवढी परंपरा पाठीशी घेऊन मी मोबाइल उघडला. पहिल्याच झटक्यात एक लालभडक जोडी सापडली. टाचेला चंदेरी पट्टा, बाजूला विजेचं चित्र. बिजलीला वीज! मी फोटो काकांना दाखवला.

"हे घालून काय करते घोडं?"

"डोंगरात तीस-चाळीस किलोमीटर रपेट."

"तिले तर गोठ्यातून हौदापर्यंत जाववत नाही ना जी," काका म्हणाले.

रपेटीचे बूट घट्ट आणि कडक असतात. दुखऱ्या पायांचे बूट वेगळे. त्यांचा तळ जाड आणि मऊ, आत जेलची किंवा फोमची गादी, आणि पुढचं टोक गोलसर, म्हणजे पाऊल उचलताना जोर कमी लागावा. रंग काळा. दिसायला कोळसा खाणीतल्या गमबुटांसारखे. शिलेदाराच्या वंशजाने पसंत करावं असं त्यांत काही नव्हतं.

डॉक्टरांच्या मते हा लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. ते पापुद्रे सुजतात, आणि सुजेला पसरायला जागा नाही, कारण भोवती सगळं टणक. दुखणं वाढलं तर हाड आपली जागा सोडतं. १९७३ साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती मारणारा सेक्रेटेरिएट १९८९ मध्ये या दुखण्यापायीच गेला; त्याच्याकडे तर डॉक्टरांची फौज होती. धान्य आणि गोड पोटात जास्त गेलं की हे उद्भवतं, आणि कडक रस्त्यावरच्या टापांनीही.

आता वरात आठवा. करवली गूळ चारते, मावशी चण्याची डाळ, कोणी पानातला बुंदीचा लाडू आणून देतो, फोटो काढतो. सगळे प्रेमानेच. आणि खाली काय? आवारपूर, उपरवाही, चहूकडे सिमेंटचे कारखाने असलेल्या आमच्या गावात बोळसुद्धा सिमेंटचे. त्यावर डीजेपुढे तिला तासन्‌तास नाचवायची. घोडीच्या मुंडावळ्या सरळ आहेत का हे चारदा बघणाऱ्या एकाही माणसाला खाली वाकून तिचे पाय बघताना मी पाहिलेलं नाही. माझ्या वरातीतही नाही. त्या दिवशी माझं सगळं लक्ष फेट्याच्या तुऱ्यावर होतं.

बुटाचं माप खूर तासून झाल्यावरच घ्यायचं असतं. नालबंद येऊन गेल्यावर मी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा, पेन्सिल आणि मुलाची पट्टी घेऊन गोठ्यात गेलो. बिजली पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे टाचांवर घेऊन उभी होती. उजवा पाय उचलायला गेलो तर ती देईना. हट्ट नव्हता तो. उजवा उचलला की सगळं ओझं डाव्यावर, आणि डावाही तसाच. काकांनी तिच्या मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले, तेव्हा तिने थरथरत क्षणभर पाय सैल सोडला. खूर हाताला गरम लागत होता. त्याच्या वर, मागच्या अंगाला बोटं टेकवली तर नाडी ठणठण उडत होती. मी पुठ्ठा सरकवला, पेन्सिल फिरवली. रुंदी ११४ मिलिमीटर, लांबी १२१. लांबी मोजायची ती भिंत संपते तिथपर्यंत, टाचेच्या फुगीर मांसापर्यंत नाही. हे वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हटलं, कारण शेजारी बघत होते.

किंमत ऐकून काका गप्प झाले. जोडीच्या पैशांत बिजलीचा महिन्याचा चारा येतो. शेवटी अर्धे त्यांनी घातले, अर्धे मी, आणि माझे अर्धे मी गल्लीत सगळ्यांना सांगितले. बूट येईपर्यंत डॉक्टरांनी तोड सांगितली: जाड थर्माकोल खुराच्या आकाराचा कापा आणि तळाला चिकटपट्टीने बांधा. फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल होताच. गूळ, चणे बंद. गोठ्यात वाळूचा जाड थर.

तेवढ्यात लग्नाची एक पार्टी आली. "पाच मिनिटं उभी करा फक्त, फोटोपुरती. डबल पैसे देतो."

"नवरदेवाले फटफटीवर बसवा," काका म्हणाले आणि चिकटपट्टीचा वेढा घालत राहिले.

पार्टी गेल्यावर त्यांनी ऑर्डरचे आकडे माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले, मग विचारलं, "साहेब, तुमच्या त्या बंगालवाल्या घोड्याले काय नंबर लागत होता जी?"

शिलेदाराचा घोडा म्हणजे खूर भरदारच असणार. मी एकशे चाळीस सांगितला.