मज्जा आहे बुवा तुमची!

ऑर्लँडोत राहतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हेव्याने बघतो. "मज्जा आहे बुवा तुमची!" हे पहिलं वाक्य. "म्हणजे दर शनिवार-रविवार डिस्नेला जात असाल?" हे दुसरं. तिसरं त्याच दिवशी येत नाही. ते सवडीने, साधारण फेब्रुवारीत, व्हॉट्सॲपवर उगवतं. "एप्रिलात तुमच्याकडे हवा कशी असते गं?" हवेची चौकशी म्हणजे नुसता मुखडा. अंतऱ्यात चार मोठी माणसं, तीन मुलं आणि तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा असतात.

पंढरपुरात ज्यांचं घर आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आषाढीला कुणाची कोण आत्या दारात उभी राहील याचा नेम नसतो, आणि ती आत पाय ठेवते तेव्हा "जागा नाही" म्हणायची सोय नसते. आमची आषाढी वर्षातून चारदा येते. मार्चात शाळांची स्प्रिंग ब्रेक, मग अख्खा उन्हाळा, मग थँक्सगिव्हिंग आणि शेवटी नाताळ. या भागात वर्षाला सात कोटींहून जास्त पाहुणे येतात. त्यांतले निम्मे आमच्या हॉलमध्ये झोपतात, असं नवरा म्हणतो. मी म्हणते, उगाच वाढवून सांगू नये. काही गॅरेजवरच्या खोलीतही झोपतात.

गंमत म्हणजे डिस्नेवर्ल्ड ऑर्लँडो शहरात नाहीच. ते नैर्ऋत्येला वीसेक मैलांवर, एकेकाळच्या दलदलीत नि गुरांच्या कुरणांत वसवलेलं आहे. १९६४-६५ साली वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी ही जमीन गुपचूप घेतली. भलत्याच नावांच्या कंपन्या काढल्या, एकेका मालकाला गाठलं, आणि सुमारे सत्तावीस हजार एकर पदरात पाडून घेतले. ऑक्टोबर १९६५ मध्ये इथल्या 'ऑर्लँडो सेंटिनेल'ने बातमी फोडली तेव्हा कुठे लोकांना खरेदीदार कळला, आणि उरलेल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. त्या कंपन्यांपैकी काहींची नावं आज मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर एका खिडकीवर झोकात रंगवून ठेवली आहेत.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहिल्यांदा इथे आले तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या हौसेने मॅजिक किंगडमला नेलं. किल्ला दाखवला, "हं" म्हणाले. परेड दाखवली, "वेळेवर निघाली" म्हणाले. त्या खिडकीची हकीकत सांगितली मात्र, गडी एकदम जागा झाला. मान वर करून, चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं उभे. "फेरफार कोणी मंजूर केला?" मला ठाऊक नव्हतं. "आणि कुळं?" तेही ठाऊक नव्हतं. मागे ढकलगाड्या खोळंबल्या होत्या. त्या ढकलगाड्यांतली पोरं, त्यांचे आईबाप आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळेच "आता चला" अशा चेहऱ्याने अण्णांकडे बघत होते. पुढे पुण्याला गेल्यावर डिस्नेवर्ल्ड कसं वाटलं असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांना अण्णांनी तो जमीनव्यवहारच सांगितला. उंदराचा उल्लेखही नाही.

तर पाहुण्यांची मज्जा ही अशी. इथला माणूस स्वतः करमणुकीला कुठे जातो, हे कोणी विचारत नाही.

फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी डिस्नेचा एक वार्षिक पास असतो. सगळ्या पासांत तो स्वस्त. स्वस्त म्हणजे त्यांच्या हिशेबाने. तो मुख्यतः सोमवार ते शुक्रवार चालतो, सकाळीच जायचं तर दिवस बहुधा आधी नोंदवून ठेवावा लागतो, आणि नाताळासारख्या गर्दीच्या दिवसांत तो चालतच नाही. म्हणजे घरात पाहुणे असतात तेव्हा पास झोपलेला, आणि पास जागा असतो तेव्हा घरात आम्ही दोघंच. ज्याने कोणी ही योजना आखली त्याच्याकडेही नक्की पाहुणे उतरत असणार. "आमचा पास आज चालत नाही हो, नाहीतर आलोच असतो" हे वाक्य उच्चारताना चेहऱ्यावर जो खेद आणावा लागतो, तो मला आता विनासायास आणता येतो. नाताळात एका दिवसाचं तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या घरात जातं, त्यामुळे आग्रहही कोणी फार ताणत नाही.

मागच्या नाताळात भाचेजावई आले होते. त्यांनी नागपुरातूनच एक्सेलमध्ये वेळापत्रक करून आणलं होतं. पाच चाळीसला अंघोळ, सात वाजता गाडी, सात चाळीसला मोनोरेल. एका चौकोनात "अल्पोपाहार (चालता चालता)". लाइटनिंग लेन नावाची पैसे भरून पुढे घुसायची रांग असते, तिच्या वेळा पिवळ्या रंगात. हे तर थेट व्हीआयपी दर्शन! आणि शेवटच्या रकान्यात "आनंद : १० पैकी", प्रत्येक राइडपुढे रिकामी जागा सोडलेली. रात्री अकराला सगळे परतले. मुलं खांद्यावर, भाची अनवाणी, चपला हातात. जावई सोफ्यावर बसून रकाने भरत होते. स्पेस माउंटनला साडेआठ दिले. दीड गुण मानेचा कापला.

आम्ही जातो ते एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला. ऑफिस सुटल्यावर, एपकॉटला. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे मांडले आहेत. मेक्सिकोत शिरायचं, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली करत कॅनडातून बाहेर पडायचं. ही पूर्ण फेरी दोनेक किलोमीटरची भरते. नवऱ्याची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि त्याने त्यासाठी हे मैदान निवडलं. जपान आला की घाम पुसायचा, फ्रान्सच्या बेकरीसमोरून नाक दाबून जायचं. कॅनडाहून उलट दिशेने चालत येणारा एक म्हातारा अमेरिकन दर वेळी मोरोक्कोच्या आसपास भेटतो. आम्ही एकमेकांना हात करतो. तोही पासवालाच. त्याच्या बुटांवरून कळतं.

एकही राइड नाही. रांग नाही. बाकावर बसून एक मिकीच्या तोंडाचं आइस्क्रीम दोघांत, आधी कान कोण खाणार यावर थोडी वादावादी, आणि साडेआठला घरी. ज्या माणसाने इथे येण्यासाठी चार वर्षं पैसे साठवलेत त्याच्या डोळ्यांदेखत आपण तिथे नुसतं बसून राहायचं, यात एक चंगळ आहे. ती मी भाचेजावयांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, "मग ॲव्हरेज कसं काढता?"

अण्णांनाही एपकॉट आवडलं, पण अकरा देशांत भारत नाही हे त्यांना फार लागलं. चीन आणि जर्मनी यांच्यामध्ये बरीच ऐसपैस जागा आहे. तिच्याकडे त्यांनी जी नजर टाकली ती चाळीस वर्षं अतिक्रमणाच्या पंचनाम्यांवर सह्या केलेल्या माणसाची होती. "एक टपरी टाकायची आधी. मग बघू कोण उठवतो."

बाकी, आत जायचीच काय गरज? पंढरीत गर्दीमुळे ज्याला राउळात शिरता येत नाही तो कळसाला हात जोडतो, आणि त्यातही पूर्ण दर्शन घडतं असं मानतात. आम्ही पब्लिक्स या वाण्याच्या वाहनतळावरून किल्ल्यावरची आतषबाजी बघतो. रात्री कोथिंबीर घ्यायला जायचं, पिशव्या डिकीत टाकायच्या आणि पाच मिनिटं गाडीला टेकून उभं राहायचं. आकाशात हिरवी-जांभळी फुलं फुटतात, आवाज थोडा उशिरा पोचतो. शेजारच्या गाडीतला माणूस दुधाचा कॅन मांडीवर घेऊन बघत असतो. कोणी "वाव" म्हणत नाही. जे "वाव" म्हणतात ते परगावचे.

त्याहून मोठी आतषबाजी पूर्वेकडे असते. केप कॅनाव्हरल इथून पन्नासेक मैलांवर. २०२४ साली तिथून नव्वदहून जास्त रॉकेटं उडाली, त्यामुळे ती आता लग्नसराईतल्या वरातींइतकी नित्याची झाली आहेत. तरी रात्रीचं उड्डाण असलं की अख्खी गल्ली नाइट ड्रेसवर अंगणात येते. एरवी वर्षभर इथे शेजाऱ्याचं फक्त गॅरेजचं दार दिसतं. माणूस दिसतो तो अंतराळयान सुटलं तरच. खालून नारिंगी ठिपका चढतो, झाडांच्या वर येतो, वाकतो आणि दिसेनासा होतो. कधीकधी रॉकेटचा खालचा भाग परत येऊन जमिनीवर उतरतो, तेव्हा धाडकन दणका बसून खिडक्यांची तावदानं थरथरतात. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कुणाचा गं सिलिंडर फुटला?"

आईंची आवडती जागा मात्र घरामागचं तळं. इथे प्रत्येक वसाहतीत पावसाचं पाणी साठवायला एक तळं असतं आणि प्रत्येक तळ्यात मगर असेल असं धरूनच चालायचं. आमच्या तळ्यालाही तशी पाटी आहे. आई रोज सकाळी उरलेली पोळी कुस्करून निघायच्या. मगरीला खाऊ घालणं फ्लोरिडात कायद्याने गुन्हा आहे हे मी त्यांना तीन प्रकारे सांगून पाहिलं. "अगं, मी मगरीला कुठे घालते? मी कासवांना घालते." हा भेद मगरीला कोण समजावणार? शेवटी मी त्यांना गेटरलँडला नेलं. दाराशीच मगरीचा प्रचंड जबडा, त्यातून आत शिरायचं. ही बाग १९४९ सालची, डिस्नेच्या बावीस वर्षं आधीची. तिथे माणसाच्या दुप्पट लांबीचे नग एकावर एक पसरलेले बघून आईंनी पदर घट्ट आवळून घेतला. दुसऱ्या दिवसापासून पोळीचा चिवडा व्हायला लागला.

तसे गावातले हंसही काही गरीब नव्हेत. लेक इओला हे भर शहरातलं तळं. तिथे हंसाच्या आकाराच्या पायंडली होड्या मिळतात आणि खरे हंस त्या होड्यांकडे तुच्छतेने बघत फिरतात. फार पूर्वी इंग्लंडहून आणलेल्यांपैकी बिली नावाचा एक हंस इतका तापट निघाला की त्याची कीर्ती अजून टिकून आहे. तो मेल्यावर पेंढा भरून ठेवला. इथल्या इतिहास संग्रहालयात तो काचेमागून अजूनही डोळे वटारून बघतो.

थंडीत आम्ही उत्तरेला ब्लू स्प्रिंगला जातो. भूगर्भातून येणाऱ्या त्या झऱ्याचं पाणी बारा महिने बावीस-तेवीस अंशांवर असतं. सेंट जॉन्स नदी गारठली की मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, तिथे ऊब घ्यायला येतात. वीस अंशांखालचं पाणी त्यांना सोसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी नऊशेच्या वर मोजल्या होत्या. लवकर पोचावं लागतं, कारण वाहनतळ भरला की फाटक बंद. लाकडी पुलावरून खाली बघितलं तर स्वच्छ निळ्या पाण्यात करड्या गोण्या मांडून ठेवाव्यात तशा त्या पडलेल्या. मधूनच एखादी नाक वर काढून फुस्स करते आणि परत खाली. आईंनी कठड्याला कोपरं टेकून अर्धा तास बघितलं. "जेवून वामकुक्षीला आल्यात बायका," म्हणाल्या. "कुणाला चहा टाकायचा नाही, काही नाही." एवढं मन लावून त्यांनी परेडही बघितली नव्हती.

आणि विंटर पार्कची बोट. १९३८ पासून चालते. दर तासाला एक सपाट होडी सुटते, अरुंद कालव्यांतून तीन तळी फिरवून आणते. पडद्यावर गडगडणारं काही नाही, पाण्यातून उसळणारं काही नाही. दोन्ही काठांना शेवाळलेली झाडं, पाणकावळे आणि अतिश्रीमंतांची घरं, आणि सुकाणूवर एखादा निवृत्त म्हातारा, तेच तेच विनोद दर तासाला ताजे करून सांगणारा. तिथे पैसे रोख द्यावे लागत होते. नवऱ्याच्या पाकिटात सहा कार्डं, नोट एकही नाही. अण्णांनी शर्टाच्या आत हात घालून बंडीच्या चोरखिशातून घडी केलेले डॉलर काढले आणि अंगठ्याला थुंकी लावून मोजून दिले. त्या क्षणापासून बोट त्यांची झाली.

ते पुढच्या बाकावर, नावाड्याला खेटून बसले. नावाडी एकेक बंगला दाखवून त्याची किंमत सांगे, आणि मागचे सगळे "ओ" करत. अण्णा "ओ" करत नव्हते. ते पाण्याच्या काठाकडे बघत होते.

"धिस वॉटर," अण्णांनी अखेर विचारलं, "गव्हर्नमेंट ऑर प्रायव्हेट?"

नावाड्याने सुकाणूवरचा हात सैल केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न बहुधा त्याला कोणी विचारलाच नसावा. त्याने तळ्याची हद्द कुठे संपते ते सांगितलं, अण्णांनी आपल्याकडे नदीपात्राची कशी मोजणी होते ते सांगितलं. एक इंग्रजीत, एक बऱ्याचशा मराठीत. दुसऱ्या तळ्यात दोघांची गट्टी जमली होती, तिसऱ्या तळ्यात विनोद बंद पडले होते. मागच्या बाकावरचं एक जोडपं कोणती घरं हुकली म्हणून कुरकुरत होतं. धक्क्याला लागल्यावर सगळे उतरले. अण्णा उतरेनात. पुढच्या फेरीची माणसं चढली, त्यांनी अण्णांनाच सुरक्षा जाकिटं कुठे आहेत म्हणून विचारलं, आणि अण्णांनी हात करून दाखवली.

मी, आई आणि नवरा आइस्क्रीम खायला गेलो.