मार्च आला, मशीन आली

फाल्गुनात रानात पळस फुलतो आणि जालना शहरात शिलाई मशीन फुलतात. पळसाला निदान उन्हाची चाहूल लागते, मशीनला आर्थिक वर्षाची अखेर पुरते. 2013 च्या कंपनी कायद्यातले कलम 135 असे सांगते, की पाच कोटींचा नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचे नक्त मूल्य, यांपैकी एक जरी गाठले तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करा. यालाच सीएसआर म्हणतात. पूर्वी दानधर्म एकादशी बघून व्हायचा, आता 31 मार्च बघून होतो.

मग बैठक बसते. शिक्षण घ्यावे, तर निकाल यायला दहा वर्षे. दवाखाना काढावा, तर डॉक्टर टिकत नाही. कौशल्य प्रशिक्षण त्यातल्या त्यात सुटसुटीत: मुली तीस, महिने तीन, मशीन दहा. समारोपाला हॉल, हॉलमध्ये फ्लेक्स, फ्लेक्सवर साहेब, साहेबांशेजारी चिरंजीव आणि खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढ्या जागेत, लाभार्थी. प्रमाणपत्र देताना कॅमेरेवाला ओरडतो, "ताई, जरा इकडं बघा, साहेब परत द्या." त्यामुळे काहींना एकच प्रमाणपत्र दोनदा मिळते. काम एकदाही मिळत नाही. चार महिन्यांनी त्याच मशीनवर पापड वाळताना दिसतात, म्हणजे गृहोद्योगाला चालना मिळालीच की!

हे प्रशिक्षण चालवणाऱ्या संस्थांचेही काही वाईट नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी हवी, आयकराचे 12 अ हवे, 80 जी हवे, 2021 पासून सीएसआर-1 हा अर्ज भरलेला हवा, शिवाय ऑडिटच्या फायली. आणि काम? ते प्रस्तावात लिहायचे असते.

आता खरी गंमत. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात, इथली सळई कुठल्या कुठे जाते. भट्टीपाशी उभा राहणारा माणूस मात्र बिहार-उत्तर प्रदेशातून रेल्वेने येतो. आमचा घनसावंगीचा पोरगा तीन महिने मोबाइल दुरुस्ती शिकतो आणि चाकणला जातो. मनमाडच्या अलीकडे कुठेतरी दोघांच्या गाड्यांचे क्रॉसिंग होत असावे. क्रेन चालवणे, भट्टीची वीज सांभाळणे, वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासणे हे इथल्या पोरांना का शिकवत नाहीत, असे एका जाणत्याला विचारले. तो म्हणाला, "शिकवता येईल हो, पण फोटोत धूर येतो."

या गावाला देणे ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये. 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारातून श्री गणपती नेत्रालय उभे राहिले. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ काढायला लोकांनी आणि उद्योजकांनी खिशात हात घातला. गाळ निघाला की नाही, हे कळायला रंगीत अहवाल लागत नाही, काठावर उभे राहिले की दिसते. मोतीबिंदू निघाला की नाही, ते आजीला विचारावे. ती फ्लेक्सवरची नावेसुद्धा वाचून दाखवील.

तेव्हा शेठजी, यंदाच्या धनादेशावर सही करण्याआधी संस्थेकडे फोटो मागू नका. गेल्या वर्षीच्या तीस मुलींचे फोन नंबर मागा, त्यातले पाच लावा आणि विचारा, "ताई, या महिन्याचा पगार झाला का?" आणि पुढच्या वर्षीची तुकडी शिकवायला हॉल शोधत हिंडू नका. तुमच्याच कारखान्याचे फाटक उघडा.