मेनूकार्ड-लेखक महोदयांस, गोंडपिपरीहून

प्रति,
माननीय मेनूकार्ड-लेखक,
समुद्री जेवणाची समस्त मोठी हॉटेले,
मुंबई, पुणे व नागपूर.

विषय: शेवंड (लॉबस्टर) या जिन्नसाची माहिती मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर की, पत्त्यावर गोंडपिपरीचे नाव पाहून हे पत्र आपण परस्पर वनखात्याकडे वळते करू नये. पत्र आपल्यालाच आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, एका अंगाला वर्धा आणि दुसऱ्या अंगाला वैनगंगा अशा बेचक्यात आमचा तालुका बसला आहे. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत ७०० किलोमीटरांच्या पुढे. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, ४०० च्या आसपास. आमच्या कौलांवरून ओघळलेले पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी त्याच उपसागरात जाते. म्हणजे समुद्राशी आमचा व्यवहार आहे, पण एकतर्फी: पाणी इकडून जाते, शेवंड तिकडून येत नाही. ती खायची हौस आली तर आमच्या माणसाला नागपूर गाठावे लागते, नाहीतर मुलगा नोकरीला लागलेला असेल तर पुणे-मुंबई. तिथे त्याची पहिली गाठ पडते ती आपल्या वाङ्मयाशी. शेवंड मागाहून येते, आणि पुष्कळदा ती त्या वाङ्मयाच्या तोडीची नसते. या तफावतीचे कारण पाककौशल्यात नसून आपण जे लिहीत नाही त्यात आहे, असे आमचे नम्र म्हणणे आहे.

आपल्या लेखणीबद्दल आम्हांला आदरच आहे. बटर गार्लिक, थर्मिडोर, तंदुरी, मालवणी, शेजवान, काळी मिरी घातलेली, चीज वितळवलेली. एका शेवंडीवर काय काय लादता येते याचा इतका बारीक हिशेब दुसरीकडे सापडणार नाही. लोणी कुठले ते आपण सांगता, लसूण भाजलेला की करपवलेला तेही सांगता. मात्र ज्या जिवावर हे सगळे ओतले, त्याच्याविषयी एक ओळ नाही. ती कुठल्या जातीची, कुठल्या किनाऱ्यावर उतरली, हॉटेलात जिवंत आली की गोठलेली, वजन किती, या चार प्रश्नांवर तिची चव ठरते आणि हे चारही प्रश्न कार्डावर कोरे. किमतीच्या रकान्यात तेवढे ‘एपीएस’, म्हणजे आकार असेल तसा दाम. आकार कोणी मोजायचा, कधी मोजायचा, शिजण्याआधी की बिल करताना, याबद्दल वाङ्मय मुके आहे. लोण्यालसणाची कृती तर आता सगळ्या शहरांत एकच झाली आहे. तेव्हा एका हॉटेलातली शेवंड उत्तम आणि शेजारच्या हॉटेलातली भिकार का लागते, याचे उत्तर त्या कोऱ्या चार जागांतच शोधावे लागते.

यातही तिसरा प्रश्न सर्वांत जड. शेवंड मेली की तिच्या डोक्याकडच्या पाचक ग्रंथीतला रस तिच्याच मांसावर चालून जातो. घट्ट, किंचित गोडसर आणि रेषारेषांनी सुटणारे मांस पिठूळ आणि चिकट होत जाते. बर्फात ठेवले की ही क्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणून जाणकार एक तर ती शेवटपर्यंत जिवंत ठेवतात, किंवा मारताक्षणी डोके वेगळे करून शेपटी गोठवून टाकतात. यावरून निघणारा निष्कर्ष आपल्याला रुचणार नाही, पण तो असा की नीट गोठवलेली शेपटी ही मरून दोन दिवस बर्फावर पडलेल्या ‘फ्रेश’ शेवंडीपेक्षा कितीतरी बरी. तरीही ‘फ्रोजन’ हा शब्द आपण कार्डावर कधी येऊ देत नाही, आणि ‘फ्रेश’ मात्र शिंपडत सुटता. जिवंत शिजलेल्या शेवंडीची शेपटी आत वळते, बोटाने सरळ केली तर पुन्हा वळू पाहते. सुस्त, सरळ पडलेली शेपटी ताटात आली तर ती आधीच गेलेली होती असे समजावे. चीजचा जाड थर आणि अर्ध्यात चिरलेले कवच, या दोन युक्त्यांनी हा पुरावा बेमालूम झाकता येतो. थर्मिडोरवर आमचा राग नाही. पण कोणत्याही नव्या हॉटेलात ती पहिल्यांदा मागवू नये, एवढे मात्र आम्ही आमच्या माणसांना सांगून ठेवले आहे. पहिल्यांदा साधी, नुसती भाजलेली किंवा वाफवलेली मागवावी. जिथे ती मिळत नाही असे सांगतात, तिथे उत्तर मिळालेच.

आता आमच्या आठवडी बाजाराकडे येऊ. गोंडपिपरीच काय, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही बाजारात ढिवराची बाई मच्छी घेऊन बसते, तिच्यापुढे कार्ड नसते. मरळ असेल तर ती घमेल्यात पाणी घालून जिवंत ठेवलेली असते, कारण मेलेल्या मरळीला भाव नाही, हे तिलाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. रोहू-कतला असेल तर ती न विचारता कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते. वजन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते, आणि तेही साफ करण्याच्या आधी. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फात आलेला माल असेल तर तो ‘आंध्राचा’ असे ती सांगून टाकते. नदीचा, तलावाचा आणि आंध्राचा, असे तीन भाव एकाच पाटीवर नांदतात. तिच्याही मालात कधी जुने-नवे मिसळते, आणि गिऱ्हाईकही घासाघीस करून तिला जेरीला आणते. पण शेवंडीबाबत आपल्याकडे जे चार प्रश्न कोरे आहेत, ते चारही तिथे मच्छी पिशवीत पडण्यापूर्वी सुटलेले असतात. पाच तारे असलेल्या जागेत, मखमली पुठ्ठ्याच्या कार्डावर, मंद उजेडात, हजारो रुपये मोजणाऱ्याला जमिनीवर बसलेल्या बाईच्या गिऱ्हाइकाइतकी तरी माहिती मिळावी, ही मागणी फार क्रांतिकारक आहे असे आम्हांला वाटत नाही.

कार्डावरच्या छायाचित्राचाही विषय निघालाच पाहिजे. त्यात लालभडक अंगाचा, पुढे दोन जाडजूड नांग्या असलेला प्राणी असतो. हा अटलांटिकच्या पलीकडचा पाहुणा, अमेरिका-कॅनडाच्या थंड पाण्यातला. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला तसल्या नांग्या मुळीच नसतात. तिला लांबलचक काटेरी मिशा असतात, आणि खायचे मांस जवळजवळ सगळे शेपटीत. महाराष्ट्र-गुजरातच्या गाळवट तळावर जी मुख्यतः सापडते ती पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही जात. खडकाळ किनाऱ्यांवरच्या तिच्या बहिणी वेगळ्या. विमानाने आणलेली कॅनडाची शेवंडही काही हॉटेलांत वाढली जाते, आणि तिची किंमत अर्थातच वेगळी. गिऱ्हाइकाने चित्र एकाचे पाहावे, ताट दुसरीचे मिळावे आणि दाम तिसऱ्याच हिशेबाने द्यावा, याला आमच्याकडे लग्न जुळवतानाची फसवणूक म्हणतात. त्यात भर म्हणजे कवच, डोके आणि मिशा धरून केलेल्या वजनातले जेमतेम तिसरा हिस्सा मांस पोटात जाते. तेव्हा ‘आकार असेल तसा’ हा आकार कवचासकट की कवचावाचून, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

आकारावरून आठवले. २००३ साली केंद्र सरकारने शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवून दिली. पॉलिफॅगससाठी ३०० ग्रॅम, वाळूवरच्या चपट्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम. त्याखालचे पोर परदेशी पाठवायचे नाही. हा नियम उगीच आला नाही. मुंबईच्या पाण्यातली हीच चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांनी, अंडी पोटाशी धरलेल्या माद्यांसकट, इतकी उपसली गेली की १९९४ पर्यंत ती मासेमारीच बसली. ज्या शहरात आपली निम्मी हॉटेले उभी आहेत, त्या शहराच्या दारातला साठा संपला आणि मेनूकार्डाच्या एकाही आवृत्तीत त्याची नोंद झाली नाही! कार्डावर चपटी काल होती, आज नाही. तिच्या जागी दुसरी आली, नाव तेच राहिले. परदेशी ताटासाठी जी अट सरकारने घातली ती देशी ताटासाठी आपण स्वखुशीने छापलीत, ‘३०० ग्रॅमच्या खालची आम्ही घेत नाही’ असे एक वाक्य लिहिलेत, तर लसणाच्या वर्णनातले एक वाक्य कमी करूनही जागा होईल.

आपण यावर काय म्हणाल याचा अंदाज आम्ही बांधला आहे. पहिले, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. गोंडपिपरीत बसून शेवंडीची चिकित्सा करणाऱ्याला विचारतो कोण. उत्तर असे की दुरून येणाऱ्याला चुकीची किंमत जास्त पडते. दादरचा माणूस एका हॉटेलात फसला तर पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाईल. आमच्या माणसाची शेवंड वर्षातून एकदा, तीही पाहुणचार म्हणून. त्याला दुसरा डाव नाही. शिवाय आम्ही काही उपाशी बसलेलो नाही. नदीचे झिंगे वांग्यात किंवा अंबाडीत टाकून, वरून सांबार भुरभुरून आमचे भागते. त्या सांबाराला आपल्याकडे कोथिंबीर म्हणतात. इडलीशी त्याचा संबंध नाही. आणि गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा तर जन्माने समुद्रालगतचा: त्याची पिल्ले मुखाजवळच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वाटेत धरणे आणि बंधारे वाढत गेल्याने ही चढण त्याला अवघड झाली आहे, पण ती तक्रार वेगळ्या खात्याकडे करावी लागेल.

दुसरे आपण म्हणाल, आता काळ बदलला, शीतसाखळी आहे, विमाने आहेत, अंतराचे रडगाणे जुने झाले. हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. आपल्या देशातून जिवंत शेवंडी गार करून, दमट भुशात बांधून हाँगकाँग-सिंगापूरला जातात आणि उतरल्यावर चालतात. जी हाँगकाँगला चालत उतरते ती नागपूरला उतरायला हरकत नाही. मग उतरली असेल तर छापा की! एवढा खर्च करून जिवंत आणलेली शेवंड आणि फ्रीजमधून काढलेली शेवंड यांना एकाच ओळीत, एकाच ‘एपीएस’खाली बसवण्यात प्रामाणिक हॉटेलवाल्याचेच नुकसान आहे. काचेच्या पेटीतली जिवंत शेवंड दाखवणाऱ्यांनाही एक पुरवणी प्रश्न: ती पेटीत किती दिवसांची? उपाशी शेवंड कवचाने तेवढीच राहते, आतून झडत जाते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. माल रोज बदलतो, कार्ड वर्षातून एकदा छापतात, चार प्रश्नांची उत्तरे रोज कशी छापायची? छापू नका. बाजार समितीत सोयाबीन-कापसाचे भाव रोज खडूने फळ्यावर लिहितात, आणि तिथला लिहिणारा काही आपल्यासारखा शब्दप्रभू नसतो. दारात एक फळी टांगावी: आज रत्नागिरीची, जिवंत, ४०० ते ६०० ग्रॅम, शंभर ग्रॅमला इतके. माल नसेल तर ‘आज नाही’. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्या तेवढ्या जातात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. म्हणजे जुलैतल्या शेवंडीलाही सांगण्यासारखी सरळ गोष्ट असू शकते: विशाखापट्टणमची असेल, नाहीतर कोकणचीच पण मेमध्ये गोठवलेली असेल. भर जुलैत ‘कोकणची आजची पकड’ वाचले की आमच्यासारख्या रानातल्या माणसालाही काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

शेवटी आपण म्हणाल की गिऱ्हाईक वाढदिवसाला येते, फोटो काढते, त्याला जीवशास्त्र नको असते. बरोबर. पण त्याच कार्डाच्या मागच्या पानावर वाइनची यादी असते, तिथे द्राक्षमळा, गाव आणि साल छापायला आपल्याला कंटाळा येत नाही. २०२० च्या नियमांनी दहा किंवा अधिक शाखांच्या हॉटेलांना पदार्थाच्या कॅलरी आणि ॲलर्जीची सूचना दाखवणे बंधनकारक केले, तेव्हाही जागा निघालीच. त्या सूचनेत कवचधारी प्राण्यांचे नाव आहे. शेवंड खाऊन कोणाच्या अंगावर पित्त उठेल हे कायद्याने विचारले, म्हणून आपण सांगितले. ती कधी मेली हे कोणी विचारले नाही. माहितीचा अधिकार खासगी हॉटेलांना लागू नाही, याची आम्हांला जाणीव आहे, म्हणूनच हा अर्ज नसून पत्र आहे.

तरी कृपया खुलासा व्हावा. तो ३१ मेच्या आत यावा. १ जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतील आणि आपल्याला लिहायला भरपूर सवड मिळेल, हे खरे. पण तेव्हा आमच्याकडे भाताचे पऱ्हे टाकण्याची आणि मागोमाग रोवणीची घाई असते, आणि आलेले टपाल उघडायला घरात माणूस सापडत नाही.

आपले नम्र,
एक गिऱ्हाईक,
गोंडपिपरी, जि. चंद्रपूर