हरला, म्हणून आवडला

अली हेझलवूडची ‘चेक अँड मेट’ ही कादंबरी 2023 साली आली. प्रेमकथा, तीही हसतखेळत सांगितलेली, आणि बुद्धिबळाच्या पटावरची. मुखपृष्ठ बघून कुणी नाक मुरडेल. मुरडू नये.

न्यू जर्सीतली मॅलरी ग्रीनलीफ. वय अठरा. आई आजारी, पाठच्या दोन बहिणी, पैशाची कायम ओढाताण. म्हणून ही गॅरेजात गाड्या दुरुस्त करते. घराची घडी विस्कटली ती बुद्धिबळापायी, असं मनात धरून तिने खेळ सोडलेला. मैत्रिणीच्या आग्रहाखातर मदतनिधीच्या एका स्पर्धेत बसते आणि थेट जगज्जेत्या नोलन सॉयरला हरवते.

पुढे तो काय करतो, यावर सगळी कादंबरी उभी आहे. त्याला तिच्याशी पुन्हा खेळायचं असतं. बस्स, एवढंच. मला हा नायक आवडला तो इथेच. बाकीचं प्रेमबिम नंतर. समोरचीची चाल कळावी म्हणून तास तास तिच्या डोक्यानं विचार करायचा, तिला काय दिसतंय, ती कशाला भितेय, कुठलं प्यादं मुद्दाम सोडतेय, हे ताडायचं. इतकं लक्ष किती नवरे बायकोकडे देतात?

खऱ्या पटावर मुलींच्या वाट्याला काय येतं? जानेवारी 2024. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली टाटा स्टील स्पर्धा. नागपूरची दिव्या देशमुख तिथे खेळून आली आणि तिने उघड लिहिलं: प्रेक्षकांचं लक्ष माझ्या डावाकडे नव्हतं, माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांकडे होतं. अठरा वर्षांच्या मुलीला हे जगाला समजावून सांगावं लागलं, याचा मला अजून राग येतो. त्यांच्यासमोर डाव चालू होता हो! घोडा कुठे गेला ते तरी बघायचं.

हे दुखणं जुनं आहे. 1976 साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. पोरीने त्या स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवलं.

आणि दिव्या? जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, वयाने दुप्पट, अनुभवाने कितीतरी मोठी. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत निकाल लागला. ग्रँडमास्टर किताबही त्याच विजयाने मिळाला. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. त्या रडण्यात ढब शोधायला कुणी आलं नाही, एवढं बरं झालं.

अशी एक कादंबरी मराठीत कुणीतरी लिहा. नायिका नागपूरची असो नाहीतर सांगलीची. नायक मात्र हरणारा हवा, आणि हरल्यावर त्याने मुकाट्याने सोंगट्या पुन्हा मांडायला घ्याव्यात, पांढऱ्या तिच्याकडे.